दुआच्या रजेचा अर्ज

रियाधच्या अल मलाझ भागातल्या कोकणी माणसाला गावी जायचं असलं की तो आधी तिकिटाचं बघत नसे, आधी यासीन बुरोंडकरांना गाठत असे. यासीनभाई अर्ज लिहून देत. शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटोपली की त्यांच्या दारात चपलांचा ढीग पडायचा आणि त्यांची बायको शरीफा आतून म्हणायची, "आलं बाई लटांबर! सुट्टीच्या दिवशी पण कचेरीच." एवढं बोलायची आणि चहाचं आधण वाढवायची.

यासीनभाई मूळचे बाणकोटच्या खाडीकाठचे. बाविसाव्या वर्षी इकडे आले आणि एका बांधकाम कंपनीच्या पर्सोनेल खात्यात टायपिस्ट म्हणून जे बसले ते सव्वीस वर्षं त्याच खुर्चीत. इकाम्यावर, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्यावर, हुद्दा मात्र ‘स्टोअरकीपर’, कारण त्या साली कंपनीकडे तेवढाच व्हिसा शिल्लक होता. स्टोअरचं तोंड त्यांनी पाहिलं असेल ते प्रिंटरची शाई आणण्यापुरतं. पण रजा, ना-हरकत पत्र, बायकापोरांचे व्हिसे, कायमचं घरी जाणाऱ्याचा फायनल एक्झिट, सगळं त्यांच्या हातून जायचं. इकडच्या इकामेवाल्याला देशाबाहेर जाऊन परत यायचं तर एक्झिट-रीएंट्री काढावी लागते, आणि तिच्यावरच्या तारखेच्या आत परतला नाही की दार बंद. कंपनीतल्या चारशे माणसांच्या या तारखा यासीनभाईंना तोंडपाठ होत्या.

आता त्यांच्या अर्जात असं काय होतं, हे सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं. अर्जाची एक रीत होती. बायकोची आठवण येते, जीव कंटाळला, पोराचं तोंड पाहिलेलं नाही, असल्या कारणांना मुदीर, म्हणजे मॅनेजर, रजा देत नाही. तो देतो आई मरणपंथाला लागली म्हणून. तेव्हा यासीनभाईंच्या अर्जात आई नेहमी अंथरुणाला खिळलेली, डॉक्टरांनी हात टेकलेले, आणि मुलाचं तोंड पाहण्याची तिची शेवटची इच्छा. पलीकडच्या गल्लीतल्या मोहियुद्दीनची आई अशी नऊ वेळा मरणाच्या दारात जाऊन आली होती. खरी म्हातारी म्हसळ्यात ठणठणीत होती आणि सुनांना धारेवर धरत होती. मुदीरलाही हे ठाऊक असायचं. एकदा तो सही करता करता म्हणाला होता, "यासीन, ह्याच्या आईला माझा सलाम सांग. मोठी चिवट बाई आहे." याला खोटं बोलणं कोणीच म्हणत नसे. अर्ज म्हटला की तो असाच!

दुसरी रीत म्हणजे प्रत. खालचा साहेब ताणून धरतोय असं दिसलं की यासीनभाई अर्जाखाली लिहीत, ‘प्रत माहितीसाठी : मुख्य कार्यालय.’ वरच्याचं नाव दिसलं की खालचा आपोआप सरळ येतो. या दोन गोष्टींवर त्यांनी शेकडो माणसं घरी पोचवली, कोणी बहिणीच्या लग्नाला, कोणी बापाच्या मातीला. यासीनभाईंच्या अर्जाला नकार नाही, असं मलाझमध्ये बोललं जायचं आणि ते ऐकून त्यांची कॉलर थोडी ताठ व्हायची. का होऊ नये? दुसरं होतं काय त्या बिचाऱ्याकडे ताठ करायला?

एक होतं म्हणा. मुलगी होती. दुआ, एकुलती एक. मलाझमध्येच जन्मली, त्याच तीन खोल्यांत वाढली, इंडियन स्कूलमध्ये शिकली. मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर द्यायची, अम्मीवर चिडली की हिंदीत. अभ्यासात अशी की बारावीनंतर अमेरिकेतल्या एका कॉलेजने पूर्ण स्कॉलरशिप देऊन बोलावली. सगळ्यांनी यासीनभाईंना वेड्यात काढलं. एकटी पोर, एवढ्या लांब, त्यात अमेरिका! मोहियुद्दीन तर म्हणाला, "भाई, परत यायचा व्हिसा तेवढा लक्षात ठेवा." यासीनभाईंनी कोणाचं ऐकलं नाही. आपली मुलगी आपल्यासारखी आयुष्यभर लोकांचे कागद टाइप करणार नाही, एवढंच त्यांनी मनात धरलं होतं. तिच्या एक्झिट-रीएंट्रीचा कागद त्यांनी स्वतः काढला आणि विमानतळावर तिच्या हातात दिला.

पहिलं वर्ष वाईट गेलं. फोनवर पोर बोलायची कमी आणि हुंदके जास्त. खोलीत एकटीच नूडल्स खाते, कोणाशी ओळख नाही, हाडं दिसायला लागली आहेत, असं शरीफाने फोनच्या चौकोनात पाहून पाहून ठरवलं. नाताळच्या सुट्टीत सगळं हॉस्टेल रिकामं झालं आणि दुआ त्या मजल्यावर एकटी राहिली. यासीनभाईंनी त्या दिवसांत तीन वेळा तिला परत आणायचं ठरवलं आणि तीन वेळा मन घट्ट केलं.

दुसऱ्या वर्षी, २०१७ च्या सप्टेंबरात, तिचा आवाजच बदलला. "अब्बा, मी सोरोरिटीत गेले!" म्हणाली. म्हणजे काय ते दोघांनाही कळेना. तिने समजावलं, की कॉलेजमधल्या मुलींचं मंडळ असतं, शंभर वर्षांचं जुनं, स्वतःचं मोठं घर असतं, सगळ्या एकमेकींना बहिणी मानतात. "मला आता मोठी बहीण पण आहे, अम्मी. ती माझी ‘बिग’, मी तिची ‘लिट्ल’."

"मोठी बहीण?" शरीफा म्हणाली. "मी कधी जन्माला घातली गं तिला?"

दुआ खळखळून हसली. वर्षभरात पहिल्यांदा हसली पोर! शरीफाला ते हसू गोडही लागलं आणि कुठेतरी झोंबलंही. आपण इथे जिवंत बसलेलो असताना पोरीने तिकडे दुसरं कुटुंब केलं, असं तिच्या मनात आलं. यासीनभाईंना तिने तसं बोलूनही दाखवलं.

मंडळाकडून ईमेलने एक माहितीपत्रक आलं, मुलीच्या पालकांनी काय जाणून घ्यावं, आठ पानांचं. यासीनभाईंनी ते ऑफिसात छापून आणलं आणि फूटपट्टी, लाल पेन्सिल घेऊन बसले. दर रविवारी बैठक असते. अमुक मार्कांच्या खाली आलं तर मंडळात राहता येत नाही. घरात मुलांना वरच्या मजल्यावर मज्जाव. घरात दारू नाही. "नाही असं लिहावं लागलं म्हणजे असणारच," शरीफा म्हणाली. शेवटच्या पानावर होतं, की आपल्या मुलीबद्दल कसलीही काळजी वाटली तर आम्हाला लिहा, प्रत्येक पत्राची गंभीर दखल घेतली जाईल. खाली दोन पत्ते होते, एक त्या घराच्या अध्यक्षीणबाईंचा आणि एक देशभरच्या मुख्य कार्यालयाचा. यासीनभाईंनी या ओळींखाली दोनदा रेघ मारली. आठ पानांत कामाचं तेवढंच, असं त्यांचं मत पडलं.

याच सुमारास कंपनीवर कुऱ्हाड आली. पर्सोनेलच्या सगळ्या जागांवर आता फक्त सौदी माणसंच हवीत, तपासणीला येऊ, असं सरकारी पत्र आलं. मुदीरने यासीनभाईंना बोलावलं, समोर बसवलं, स्वतःच्या हाताने काहवा ओतला. काहवा ओतला तेव्हाच यासीनभाई समजले. रजब महिन्यापर्यंत, म्हणजे मार्चपर्यंत, थांबायचं, नव्या मुलीला काम शिकवायचं, मग फायनल एक्झिट. "खलास, यासीन. माझ्या हातात असतं तर..." असं म्हणून मुदीर खिडकीबाहेर बघत राहिला.

नवी मुलगी म्हणजे मुनीरा. रियाधचीच, पंचविशीची, सरकारी शिष्यवृत्तीवर अमेरिकेत चार वर्षं शिकून आलेली. काचेच्या पार्टिशनपलीकडे बसायची आणि त्यांना ‘अम्मो यासीन’, म्हणजे काका, म्हणायची. आपलीच खुर्ची घ्यायला आलेल्या मुलीला माणसाने काय म्हणून जीव लावावा? पण यासीनभाईंनी लावला. सव्वीस वर्षांच्या फायली तिला एकेक करून दाखवल्या. तिला सोरोरिटीबद्दल विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आमच्या कबिल्यासारखं समजा, अम्मो. एकदा आत गेलं की सगळ्या तुमच्या. बाहेर पडलं की कोणीच नाही."

नोकरी गेल्याचं शरीफाने शांतपणे ऐकलं. तिचं एकच मागणं होतं. हे घर मोडायच्या आधी दुआने एकदा इथे यावं. जिथे रांगली, जिथल्या भिंतीवर तिची उंची पेन्सिलीने मांडली आहे, तिथे तिघांनी शेवटचं बसून जेवावं. दुआच्या एक्झिट-रीएंट्रीची मुदत दहा जानेवारीला संपत होती. एकदा वाढवून झाली होती, पुन्हा वाढणार नव्हती. दहा तारखेपर्यंत आली तर आली, नाहीतर हे घर तिला पुन्हा दिसायचं नाही. एवढं साधं होतं आणि एवढं अवघड.

डिसेंबरच्या पहिल्या शुक्रवारी, तिसऱ्या प्रहरी असरच्या नमाजेनंतर, दुआचा फोन आला. तिकडे सकाळ होती. यासीनभाईंनी तिकिटाची तारीख विचारली.  तशी ती इंग्रजीत बोलायला लागली, भराभरा. दोन जानेवारीपासून सोरोरिटीचा मोठा आठवडा आहे, नव्या मुली निवडायच्या असतात, सगळ्यांना हजर राहावंच लागतं. त्याआधीच्या सुट्टीत बिगच्या घरी जायचं ठरलंय. जमणार नाही.

"अगं, पण नंतर येता येणार नाही तुला," यासीनभाई म्हणाले. "दहा तारीख शेवटची."

"आय नो, अब्बा. दे वोन्ट लेट मी. नाही सोडणार ते."

शरीफाने फोन हातातून घेतला, दुआ, दुआ म्हणत राहिली आणि मग पदराने तोंड झाकून तिथेच बसली. यासीनभाईंच्या डोक्यात मात्र पोरीचं शेवटचं वाक्य अडकलं. सोडत नाहीत? मग ही तर रजेची भानगड! त्यांच्या हयातीत ज्याला कोणी सोडत नव्हतं अशा प्रत्येक माणसाचा कोणीतरी कफील, म्हणजे त्याच्या व्हिसाचा मालक, होता, आणि कफील म्हटला की त्याच्याकडे अर्ज करता येतो. इतके दिवस काळजाला लागलेला घोर एकदम हाताखालच्या कामासारखा झाला. "रडू नकोस," ते बायकोला म्हणाले. "चारशे माणसांना घरी पाठवलं मी. स्वतःच्या पोरीला नाही आणणार?"

मुनीराला एकदा वाचायला द्यावं, असं मनात आलं होतं. पण शिकवतोय आपण तिला, तिच्याकडून काय तपासून घ्यायचं? तेवढा ताठा नडला. शनिवारी दुपारभर बसून त्यांनी त्या घराच्या अध्यक्षीणबाईंच्या नावे इंग्रजीत अर्ज केला, आणि आयुष्यातला सगळ्यात चांगला अर्ज केला. मराठीत सांगायचा तर तो असा होता, की सदर मुलीची आई अत्यवस्थ असून डॉक्टरांनी आशा सोडली आहे, मुलीचे मुख पाहावे ही तिची अखेरची इच्छा आहे. सदर मुलगी घरच्या ओढीने रोज रडते, अन्न घेत नाही, तिचे वजन घटले आहे. वरिष्ठ भगिनींच्या धाकामुळे ती स्वतः रजा मागण्यास धजावत नाही. आपल्या घराबाहेर पडण्यास तिला परवानगी नाही. तरी मेहेरबान होऊन तिला पंधरा दिवसांची रजा मंजूर व्हावी. सोबत इकाम्याची प्रत, व्हिसाची प्रत आणि शरीफाच्या ब्लडप्रेशरचा रिपोर्ट. प्रत माहितीसाठी, मुख्य कार्यालय. आणखी एक प्रत कॉलेजच्या डीनसाहेबांना, म्हणजे काम पक्कं.

अत्यवस्थ आई तेव्हा आत खोबरं खवत होती. न जेवण्या-रडण्याचं त्यांनी सगळंच काही मनाने घातलं नव्हतं, ते पहिल्या वर्षाचं होतं, खरं होतं. फक्त साल बदललं. आणि धाकाचं वाक्य त्यांनी आजवर शंभर मजुरांसाठी लिहिलं असेल.

दोन दिवसांत मुख्य कार्यालयाचं उत्तर आलं. आपल्या पत्राची आम्ही अत्यंत गंभीर दखल घेतली आहे, तातडीने कारवाई सुरू आहे. यासीनभाईंनी छाती पुढे काढली. ‘गंभीर दखल’ आणि ‘तातडीने’, तेही दोन दिवसांत! इथे एवढ्याला दोन महिने लागतात. "अर्ज वर गेला," त्यांनी घरी फोन करून सांगितलं. शरीफाने त्याच दिवशी दुआच्या खोलीच्या चादरी बदलल्या, आणि पोरीला आवडतं म्हणून सांदणाचे तांदूळ धुऊन वाळत घातले.

चौथ्या दिवशी ऑफिसात दुआचा मेसेज आला. ‘अब्बा, तुम्ही काय केलंत?’ एवढाच. त्यांनी फोन लावला, तिने कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. तसे ते उठले आणि अर्जाची प्रत घेऊन काचेपलीकडे मुनीराकडे गेले.

मुनीराने अर्ज वाचला. अर्ध्यावर तिने तोंडावर हात घेतला. "अम्मो, हे खरं आहे?"

"छे गं! अर्ज आहे तो."

मग तिने समजावून सांगितलं, शक्य तितक्या हळू, कारण तिला त्यांची दया येत होती आणि ते त्यांना दिसत होतं. तिकडे अशा घरांत नव्या मुलामुलींचे हाल झालेले आहेत. उपाशी ठेवलंय, कोंडून ठेवलंय, पोरं मेलीसुद्धा आहेत. म्हणून आता कायदे कडक झालेत. उपास, रडणं, वरच्यांचा धाक, बाहेर जायला बंदी, असं पत्र एखाद्या बापाकडून आलं, तेही मुख्य कार्यालयाला आणि डीनला, की ते घर त्याच दिवशी बंद करतात आणि एकेका मुलीला बोलावून चौकशी करतात. "त्यांनी तुमचा एकेक शब्द खरा धरलाय, अम्मो."

"पण अर्ज म्हणजे असाच लिहितात ना!"

"इथे, अम्मो," मुनीरा म्हणाली. "इथे आपल्याला सगळ्यांना माहीत असतं."

 यासीनभाईंनी तिथेच तिच्या टेबलाशी बसून दुसरं पत्र लिहिलं, की मी माझा अर्ज बिनशर्त मागे घेत आहे, माझी कोणाबद्दलही तक्रार नाही. मुनीरा नको म्हणत होती. थांबा, कोणाला तरी विचारू, म्हणत होती. पण बुडत्या माणसाला कुठला धीर! पत्र गेलं. उत्तर आलं, की आपल्यावर किंवा आपल्या मुलीवर कोणी दबाव आणत असेल तर निर्भयपणे कळवा, मुलीच्या संरक्षणाची व्यवस्था केली जात आहे. म्हणजे आगीत तेलच. घराला कुलूप लागलं, जानेवारीचा तो मोठा आठवडा रद्द झाला, साठ मुलींच्या चौकशा सुरू झाल्या. साठ जणींना कळलं की हे कोणाच्या बापाने केलं.

घरी त्यांनी काही सांगितलं नाही. कसं सांगणार? शरीफा रोज विचारायची आणि ते रोज म्हणायचे, "विचाराधीन आहे." मोहियुद्दीन फायनल एक्झिटचे कागद घेऊन आला, त्याचीही नोकरी गेली होती. "भाई, या वेळी आईला आजारी पाडू नका," तो हसत म्हणाला. "आता कायमचाच चाललोय." एरवी यासीनभाई त्यावर दोन मिनिटं हसले असते. त्या दिवशी त्यांनी फॉर्म भरला आणि त्याच्या हातात दिला.

नऊ जानेवारीला, ऑफिस सुटायच्या सुमारास, मुख्य कार्यालयाकडून एक ईमेल आला. चौकशीच्या कागदपत्रांपैकी आपल्याशी संबंधित कागदाची प्रत माहितीसाठी जोडत आहोत. यासीनभाईंनी चष्मा पुसला आणि कागद उघडला. दुआचा लेखी जबाब होता.

‘माझे वडील,’ तिने लिहिलं होतं, ‘इतरांसाठी असे अर्ज लिहितात. ते त्यांचं काम आहे आणि ते ते चांगलं करतात. त्यांच्या पत्रातली एकही गोष्ट आजची नाही. माझी आई मरणाच्या दारात नाही. मी रडत होते, जेवत नव्हते, हे मागच्या वर्षी खरं होतं, तेव्हा मला इथे कोणी नव्हतं. या घरातल्या मुलींनी मला जेवायला बसवलं. या घरात मला कोणी कोंडलं नाही, कोणी धाक घातला नाही. घरी जायला मला कोणीही अडवलं नव्हतं. मी वडिलांना तसं सांगितलं, कारण खरं कारण सांगायचा धीर झाला नाही. मला जायचं नव्हतं.’

खाली सही. सहीखाली एक ओळ होती, की या प्रकरणानंतर मी स्वतःहून सभासदत्व सोडत आहे, कारण आता माझ्याशी कोणी बोलत नाही.

यासीनभाईंनी तो कागद तीन वेळा वाचला. सव्वीस वर्षं अर्ज लिहिलेला माणूस, त्यांना त्या अवस्थेतही दिसलंच, की एवढा सरळ, एवढा नेमका कागद आपल्या हातून आयुष्यात उतरला नव्हता. पोर हुशारच होती. मग त्यांनी डोकं टेबलावर टेकलं. काचेपलीकडून मुनीराने पाहिलं आणि आपली खुर्ची हळूच दुसरीकडे वळवली.

दहा तारीख गेली. अकराला दुपारी, डबा खाऊन झाल्यावर, त्यांनी सरकारी साइटवर आपल्या कुटुंबाचं पान उघडलं. दुआ यासीन बुरोंडकर, आणि पुढे अरबीत तीन शब्द, ‘खरज वलम यऊद’. गेली, परत आली नाही. हे शब्द त्यांनी पळून गेलेल्या मजुरांपुढे, रजेवर जाऊन न आलेल्या सुतारांपुढे किती वेळा पाहिले होते! तिथे त्यांना कधी काही वाटलं नव्हतं.

त्या दिवशी ते ऑफिसातून लवकर निघाले. चार वाजता घरी आले तर शरीफा गॅसवर सांदणांचं भांडं ठेवून उभी होती. पीठ फार दिवस राहत नाही, म्हणून करून टाकते म्हणाली. त्यांचा चेहरा बघून तिने गॅस बारीक केला.

"काय झालं? आलं उत्तर?"

"आलं."

"काय म्हणाले?"

यासीनभाईंच्या खिशात तो जबाब घडी करून ठेवलेला होता. शरीफाला इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यांनी वाचून दाखवला असता तर तो तिने शब्द न् शब्द लक्षात ठेवला असता, मरेपर्यंत.

"नाही म्हणाले," ते म्हणाले. "रजा नामंजूर. नाही सोडत तिला."

"अल्ला बघेल त्यांच्याकडे!" शरीफा ओरडली. "मेल्यांना काळीज आहे का दगड? आईला एकदा तोंड दाखवायला सोडत नाहीत! माझी पोर कुठल्या कैदेत नेऊन टाकलीत हो तुम्ही?" तिने डोळे पुसले, पुन्हा भरले, पुन्हा पुसले. मग आवाज खाली आला. "ती तिकडे रडत असेल ना हो?"

"रडत असेल."

"जेवत पण नसेल."

"नसेल."

शरीफाने एक सांदण काढून बशीत ठेवलं आणि त्यांच्यापुढे सरकवलं. वाफेत दोघांनाही एकमेकांचा चेहरा नीट दिसत नव्हता. मग ती आत गेली आणि त्यांचं लिहायचं पॅड आणि पेन घेऊन आली, बशीशेजारी ठेवलं.

"पुन्हा लिहा," ती म्हणाली. "आणखी वर लिहा. त्यांचाही वर कोणी साहेब असेलच की. तुमच्या अर्जाला आजवर कोणी नाही म्हटलंय?"

ती समोर उभी होती म्हणून यासीनभाईंनी पेन उघडलं. वर उजव्या कोपऱ्यात तारीख घातली. खाली ‘प्रति’ लिहिलं, आणि हात थांबला. तिला कोणीच धरून ठेवलेलं नव्हतं. तिची रजा मागायची तर ती कोणाकडे, हे त्यांना कळेना.